शरदातलं कोलकाता: पहिल्यांदा पूजेला जाताना

दुर्गापूजेसाठी कोलकात्याला जायचं मनात आलं की बहुतेक जण आधी तिकिटं शोधतात. मी म्हणेन, आधी पंचांग उघडा. आपल्याकडे नवरात्र घटस्थापनेला सुरू होतं आणि नऊ दिवस चालतं. बंगालमध्ये मुख्य पूजा षष्ठी ते दशमी अशी पाच दिवसांची. घट बसले म्हणून प्रतिपदेला पोचलात तर बरेच मंडप अजून बांबूच्या सांगाड्यातच दिसतील, आणि अष्टमी गाठून दशमीच्या सकाळी परतलात तर उत्सवाचा शेवट हुकेल. तो हुकू नये असा असतो.

मी नागपूरचा. हावड्याच्या गाड्या आमच्या स्टेशनावरूनच जातात, त्यामुळे कोलकाता तसं लांब वाटत नाही. तरी पहिल्या खेपेला मी चूक केली. चाळीस मंडपांची यादी खिशात घेऊन गेलो आणि सप्तमीच्या एका रात्रीत सत्तावीस पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यातले पाचसुद्धा नीट आठवेनात, आणि पाय इतके सुजले की अष्टमीची सकाळ खोलीतच गेली. त्या सकाळी गल्लीगल्लीत काय चाललं होतं ते मला पुढच्या खेपेला कळलं. खाली जो क्रम दिला आहे तो त्या अनुभवातून आला आहे: गाजलेले मंडप मुख्य दिवसांच्या आधी उरकायचे, आणि मुख्य दिवस खुद्द पूजेसाठी मोकळे ठेवायचे.

कधी निघायचं, कसं पोचायचं

चतुर्थीला सकाळी पोचायचं आणि एकादशीला किंवा द्वादशीला निघायचं, हे मुक्कामाचं उत्तम माप. तिथी पाहताना एक काळजी घ्या. बंगालमध्ये दोन परंपरांची पंचांगं चालतात आणि विधींच्या वेळा त्यांच्यात वेगळ्या निघतात. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ढोबळ तारखांसाठी ठीक आहे. अंजलीची, म्हणजे देवीला फुलं वाहण्याची, आणि अष्टमी-नवमीच्या सांध्यावरच्या संधिपूजेची वेळ मात्र ज्या मंडपात जाणार तिथल्याच फलकावर बघायची.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूजेच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, कारण मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले सगळे बंगाली त्याच आठवड्यात घरी निघालेले असतात. मुंबईहून गीतांजली आणि हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद, या तिन्ही नागपूरमार्गे जातात. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन नीट वाचा. काही गाड्या हावड्याऐवजी शालिमारला थांबतात आणि तिथे मेट्रो नाही. हावड्याला उतरलात तर स्टेशनाखालीच मेट्रो आहे. ती हुगळीच्या पात्राखालून एस्प्लनेडला जाते. नदीखालून जाणारी ही देशातली पहिली मेट्रो, मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली. माझं मत मात्र असं की पहिल्यांदा जाणाऱ्याने सामान फार नसेल तर फेरी बोटीने पलीकडे जावं. डावीउजवीकडे नदी, डोक्यावर हावडा ब्रिज, आणि पलीकडच्या घाटावर अंघोळ करणारी माणसं. शहरात पाऊल टाकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. विमानाने येणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून विमानतळावरूनही मेट्रो आहे; नोआपाड्याला गाडी बदलायची.

राहण्याची जागा तीन-चार महिने आधी धरावी. हॉटेल किती तारांकित आहे यापेक्षा उत्तर-दक्षिण मेट्रोचं, म्हणजे निळ्या मार्गाचं, स्टेशन चालत किती लांब आहे ते बघा. संध्याकाळनंतर कित्येक रस्ते वाहनांना बंद होतात. मेट्रोपासून दूर राहणाऱ्याची रात्री दोन वाजता टॅक्सी शोधताना दमछाक होते. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, कालीघाट हे परिसर सोयीचे. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथेही आधी चौकशी करून बघावी.

पोचल्या दिवशीच मेट्रोचं स्मार्ट कार्ड घ्या. पूजेत टोकनच्या रांगा जिन्यापर्यंत येतात. आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते आणि तिच्यामुळे सकाळचे बेत फसतात. सप्तमी ते नवमी मेट्रोचं वेळापत्रक वेगळं असतं. गेल्या काही वर्षांत या तीन दिवशी गाड्या दुपारी सुरू होऊन पहाटेपर्यंत धावल्या आहेत. सकाळी लांब जायचं असेल तर पिवळी टॅक्सी, बस किंवा फेरी गृहीत धरा. त्या वर्षीचं वेळापत्रक पूजेच्या थोडं आधी जाहीर होतं, ते बघून घ्या.

पिशवीत काय

आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे उन्हाचा तडाखा. कोलकात्यात ऊन थोडं मवाळ असतं, पण हवेत दमटपणा भरपूर. पाऊस बंगालमधून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, म्हणून पूजा लवकर आली असेल तर एखादी सर हमखास. सुती कपडे, छोटी छत्री, आणि महत्त्वाचं म्हणजे वापरून मऊ झालेले बूट किंवा सँडल. नवे जोडे घालून दहा किलोमीटर चालता येत नाही, आणि एका रात्रीत दहा किलोमीटर सहज होतात. वाड्यांमध्ये चपला काढाव्या लागतात, म्हणून नाड्यांचे बूट टाळलेले बरे. अष्टमीच्या सकाळसाठी एक चांगला पोशाख वेगळा ठेवा, कारण त्या दिवशी सगळं शहर नवं नेसून बाहेर पडतं. बायकांच्या अंगावर लाल काठाच्या पांढऱ्या साड्या दिसतात, पुरुषांच्या अंगावर धोतर-पंजाबी. पंजाबी म्हणजे आपला झब्बा.

सोबत लहान मूल असेल तर त्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवाच. गर्दीत फोनचं जाळं बसतं आणि पैसे फोनवरून जात नाहीत, त्यासाठी दहा-वीसच्या नोटा जवळ हव्यात. बायकांसाठी स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. जेवायला बसाल तिथेच सोय उरकून घ्यायची आणि मगच पुढच्या रांगेला लागायचं, हा नियम पाळला तर रात्र निभावते.

चतुर्थी: कुमारटुली

पहिला दिवस कुमारटुलीला द्या. शोभाबाजार सुतानुटी स्टेशनावर उतरून बनमाली सरकार स्ट्रीट विचारा. ही मूर्तिकारांची वस्ती. आपल्या पेणला गणपतीच्या आधी जी धांदल असते ती इथे अरुंद गल्ल्यांत बघायला मिळते. आधी बांबू आणि भाताच्या पेंढ्याचा सांगाडा, त्यावर चिकट माती, वरून रेतीमिश्रित माती, मग रंग. डोळे सगळ्यात शेवटी. त्याला 'चक्खुदान' म्हणतात आणि परंपरेने ते महालयेला होतं. महालया म्हणजे आपली सर्वपित्री अमावस्या. त्या पहाटे चार वाजता बंगाली घरांत अजूनही रेडिओ लागतो. आकाशवाणीवरचं वीरेंद्रकृष्ण भद्रांचं चंडीपाठाचं निवेदन १९३०च्या दशकापासून ऐकलं जातंय. १९७६ मध्ये त्यांच्या जागी चित्रपटतारा उत्तमकुमार यांचा आवाज लावला गेला तेव्हा लोक इतके संतापले की जुना कार्यक्रम परत आणावा लागला.

चतुर्थीपर्यंत बऱ्याच मूर्ती गेलेल्या असतात, पण उरलेल्या ट्रकवर चढवताना बघणं हाच मोठा सोहळा असतो. वीस-पंचवीस माणसं बांबूंवर देवी तोलत एवढ्याशा गल्लीतून वळवतात. वाटेत उभं राहू नका. फोटोआधी विचारा, कारण ही माणसं महिनोन्‌महिने झोप मोडून काम करत आलेली असतात आणि हातातलं काम सोडून बाजूला होणं त्यांना परवडत नाही. गल्लीत देवीच्या दागिन्यांची दुकानं आहेत, तिथे पांढरंशुभ्र शोलाकाम बघा. शोला म्हणजे आपल्याकडे बाशिंगासाठी वापरतात ते भेंड. त्याच हलक्या गाभ्यातून इथे हातभर उंचीचे मुकुट कोरले जातात.

तिथून उत्तरेला चालत गेलं की बागबाजार. या भागात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे, आणि मराठी माणसाने तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२ मध्ये बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी धास्तावून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच मराठा खंदक. फौजा शहरावर आल्याच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, पुढे तो बुजवून त्याच्या मार्गाने सर्क्युलर रोड झाला. बारगीर या आपल्या शब्दाचं तिथे 'बोर्गी' झालं, आणि बंगाली अंगाईत अजूनही बाळाला बोर्गींचीच भीती घालतात. गावं जाळली गेली, माणसं मेली, ती आठवण त्यांच्या घराघरांत राहिली. त्याच १७४२ च्या शरदात भास्करपंतांनी काटव्याजवळ दाँइहाटला मोठी दुर्गापूजा मांडली होती आणि ऐन पूजेत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने छापा घालून ती उधळली. शाळेत हा इतिहास आपण एका ओळीत शिकतो. ज्यांच्यावर तो गुदरला त्यांच्या गल्लीत उभं राहून तो आठवला की वेगळा कळतो. आज तिथे पत्ता विचारणाऱ्या मराठी माणसाला लोक हाताला धरून मंडपापर्यंत सोडतात, हेही सांगितलं पाहिजे.

चतुर्थी आणि पंचमीच्या रात्री: गाजलेले मंडप

अलीकडे बडे मंडप तृतीया-चतुर्थीलाच खुले होतात. पुढे अष्टमीला जिथे तीन तास रांग लागते तिथे या दोन रात्री अर्ध्या-पाऊण तासात आत जाता येतं. म्हणून ज्या मंडपांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत ते आत्ताच बघा.

रात्रीला एकच भाग घ्यायचा. दक्षिणेसाठी कालीघाट स्टेशनावर उतरा. आधी जवळचेच बादामतला आषाढ संघ आणि ६६ पल्ली बघा, मग रासबिहारी अॅव्हेन्यूने पूर्वेला चालत देशप्रिय पार्क, त्रिधारा, हिंदुस्थान पार्क करत गडियाहाट ओलांडून एकडालिया एव्हरग्रीन आणि सिंघी पार्क. सरळ रस्ता दोन-अडीच किलोमीटरचा, आडवळणं धरून दुप्पट. यातले काही मंडप 'थीम'चे असतात: एखादा कलावंत वर्षभर एका विषयावर काम करतो आणि बांबू, ताग, मडकी, विणलेले दोर यांतून अख्खी वास्तू उभी करतो. मंडपांना बक्षिसं देण्याची प्रथा १९८५ पासून रुजली, त्यातून ही चुरस वाढली. एकडालियासारख्या जुन्या मंडळांचा थाट वेगळा. तिथे एखाद्या प्रसिद्ध देवळाची प्रतिकृती आणि आत मोठं झुंबर. गल्लीगल्लीतली हलती रोषणाई चंदननगरच्या कारागिरांची असते. हुगळीकाठचं हे गाव दिव्यांच्या कामासाठीच ओळखलं जातं.

आत गेल्यावर रांग तुम्हाला मूर्तीपुढून मिनिटभरात पुढे ढकलते. त्या मिनिटात फोन वर धरू नका. आधी बघा. देवीच्या चेहऱ्याकडे, मग महिषासुराकडे, मग छताकडे.

दुसऱ्या रात्री मध्य कोलकाता: महात्मा गांधी रोड स्टेशनावर उतरून कॉलेज स्क्वेअर आणि मोहम्मद अली पार्क. कॉलेज स्क्वेअरचा मंडप तळ्याकाठी आहे आणि सगळी रोषणाई पाण्यात उतरलेली दिसते. शेजारी कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं. पंचमीच्या दुपारी सियालदाकडे फेरी मारता आली तर मारा. बंगालभरच्या खेड्यांतून ढाकी, म्हणजे ढाक हा मोठा ढोल वाजवणारे, स्टेशनाबाहेर जमतात आणि कोणी मंडळ ठरवून नेईल या आशेने तिथेच वाजवत बसतात. पिसांनी सजवलेले शेकडो ढाक एकदम घुमतात. त्यांच्यासाठी तो वर्षभराच्या कमाईचा दिवस असतो. ऐकलंत तर हातावर काही ठेवून पुढे जा.

षष्ठी आणि सप्तमी: वाडे

षष्ठीच्या संध्याकाळी बोधन होतं, देवीला जागवतात. त्यानंतर खरी पूजा. तो दिवस दुपारभर झोप काढण्यासाठी ठेवा, कारण पुढचे चार दिवस पहाट आणि रात्र दोन्ही तुमच्या.

सप्तमीच्या पहाटे नदीकाठी जा, बागबाजार किंवा अहिरीटोला घाटावर. ढाक वाजवत लोक केळीचं रोप नदीवर आणतात, त्याला अंघोळ घालतात आणि लाल काठाची साडी नेसवतात. ही 'कला बऊ', म्हणजे केळसून. मंडपात ती गणपतीशेजारी घुंघट घेऊन उभी असते, म्हणून बरेच जण तिला गणपतीची बायको समजतात. वास्तविक ती नवपत्रिका आहे: केळ, हळद, बेल, डाळिंब, भात अशा नऊ वनस्पती एकत्र बांधलेल्या, देवीचंच रूप. आपल्याकडे घटात धान्य पेरतात त्यामागचीच ही भावना.

तिथूनच 'बोनेदी बाडी', म्हणजे खानदानी घराण्यांचे वाडे, बघायला निघा. मला विचाराल तर कोलकात्याच्या पूजेतलं सगळ्यात मोलाचं हेच. शोभाबाजार राजवाड्याची पूजा राजा नवकृष्ण देव यांनी प्लासीच्या लढाईच्या वर्षी, १७५७ मध्ये, सुरू केली. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाखांचे दोन वाडे आहेत, दोन्ही बघा. आत चौक, समोर कमानींचं ठाकूरदालान, म्हणजे देवीच्या पूजेचं दालन, आणि एकाच चौकटीत बसवलेला देवीचा सगळा परिवार. मूर्तीवरचा चंदेरी साज म्हणजे 'डाकेर साज'. त्याचा चमकता पत्रा एके काळी जर्मनीहून टपालाने यायचा, म्हणून डाकेचा साज. दशमीला इथे नीलकंठ पक्षी सोडायची प्रथा होती, देवी निघाल्याची बातमी कैलासावर पोचवायला. वन्यजीव कायद्यानंतर ती थांबली आणि आता मातीचा नीलकंठ करून नदीत सोडतात. दसऱ्याला नीलकंठ दिसणं आपल्याकडेही शुभ मानतात, त्यामुळे ही प्रथा मला परकी वाटलीच नाही.

लाहा घराण्याकडची देवी बघण्यासारखी आहे. तिथे दहा हात नाहीत, शस्त्रं नाहीत, महिषासुर नाही. शिवाच्या मांडीवर बसलेली गौरी आहे. माहेरी आलेली लेक आणि जावई. खरं तर सगळ्या बंगालची भावना तीच: दुर्गा लेकरांना घेऊन चार दिवस माहेरपणाला आलेली आहे. ज्येष्ठा-गौरींच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. जानबाजारला राणी रासमणींच्या घरची पूजाही लोकांना खुली असते. दक्षिणेश्वरचं देऊळ बांधणाऱ्या त्याच रासमणी.

वाडे सकाळी बघावेत. दुपारी घरच्यांचं जेवण असतं आणि दारं मिटतात. ही राहती घरं आहेत. ठाकूरदालानाच्या पायऱ्या चढू नका, फ्लॅश मारू नका, मोठ्याने बोलू नका.

अष्टमी

सकाळी लवकर अंघोळ करून, काही न खाता, तुमच्या मुक्कामाजवळच्या साध्या पाड्यातल्या मंडपात जा. पाडा म्हणजे आपली आळी. प्रसिद्ध मंडप नको, जवळचाच हवा. तिथे पुष्पांजली असते. हातात फुलं आणि बेलाची पानं देतात, पुरोहित मंत्र सांगतात, सगळे मागून म्हणतात आणि फुलं देवीकडे टाकतात, असं तीनदा. तुकड्यातुकड्यांनी लोक पुढे येतात. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर "महाराष्ट्रातून आलो" म्हटल्यावर पुढे जागा करून देतात. नंतर बहुतेक ठिकाणी भोग मिळतो: मुगाची खिचडी, भाज्यांची लाबडा, वांग्याची भजी, टोमॅटोची गोड चटणी, खीर. बसून पत्रावळीवर खा. माझ्या आठवणीतलं कोलकात्याचं सर्वांत चांगलं जेवण तेच.

बेलूर मठात अष्टमीला कुमारीपूजा होते. स्वामी विवेकानंदांनी १९०१ मध्ये ती सुरू केली. गर्दी अफाट असते, त्यामुळे अंजली किंवा बेलूर यातलं एकच निवडा. पहिल्या खेपेला अंजली.

संधिपूजा अजिबात चुकवू नका. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४, अशा ४८ मिनिटांची ही पूजा. चंड-मुंडांना मारणाऱ्या चामुंडेची. १०८ कमळं वाहतात, १०८ दिवे लावतात. वेळ दर वर्षी बदलते. कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. एखाद्या वाड्यात किंवा बागबाजारला अर्धा तास आधी पोचून जागा धरा. ढाक थांबतो, एक क्षण कुणी बोलत नाही, आणि मग एकदम शंख, घंटा, बायकांचा उलुध्वनी, म्हणजे जीभ हलवत काढलेला मंगल आवाज. तो अंगावर येतो.

बागबाजारची सार्वजनिक पूजा शंभर वर्षांहून जुनी. सुभाषबाबू १९३०च्या दशकात तिचे अध्यक्ष होते. टिळकांच्या गणेशोत्सवाचं पाणी ज्याने प्यायलं आहे त्या मराठी माणसाला घरातली पूजा रस्त्यावर का आणली गेली हे वेगळं सांगायला नको. इथे थीम नाही. तीच मोठ्या डोळ्यांची पारंपरिक देवी दर वर्षी. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच सार्वजनिक मंडप बघायचा म्हटलं तर मी हाच सांगेन.

नवमी, आणि खाणं

नवमीला कुठेही धावू नका. संध्याकाळी बालीगंजच्या मॅडॉक्स स्क्वेअरच्या मैदानात गवतावर बसा. लोक तिथे मूर्तीइतकेच अड्ड्यासाठी, म्हणजे निवांत गप्पांसाठी, येतात. रात्री धुनुची नाच बघा: नारळाच्या शेंड्या आणि धूप पेटवलेली मातीची धुपाटणी हातात, कधी दातांत धरून, ढाकाच्या ठेक्यावर.

हा दिवस खाण्याला द्या. नवरात्रात उपवास करणाऱ्या घरातून आलेल्यांना एका गोष्टीची तयारी हवी: बंगाल्यांसाठी हे मेजवानीचे दिवस आहेत, आणि नवमीला मटण शिजतं. जुन्या घरांत बळीचं मटण कांदा-लसणाशिवाय करतात आणि त्याला चक्क 'निरामिष मांगशो' म्हणतात. शाकाहारी असाल तर 'निरामिष' हा शब्द पाठ करा आणि तरीही खातरजमा करा. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं, दुधीत कोळंबी, घुगनीत, म्हणजे वाटाण्याच्या उसळीत, खिमा असू शकतो. सकाळी कचोरी-आलूर दम किंवा राधावल्लभी, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, रात्री लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि खोबरं घातलेली छोलार, म्हणजे हरभऱ्याची, डाळ. यात शाकाहाऱ्याचं उत्तम भागतं. फुचका जरूर खा. आपल्या पाणीपुरीतलं गोड पाणी विसरा, इथे चिंचेचं झणझणीत पाणी आणि मसालेदार बटाटा. मांसाहाऱ्यांनी काठी रोल आणि बटाटा घातलेली बिर्याणी खावी. ही बिर्याणी अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्यातल्या मटियाबुर्जला आले त्यांच्या मागोमाग आली.

मिठाई छोट्या दुकानात, ताजी आणि तिथेच. मिष्टी दोई मातीच्या मडक्यातलीच घ्या. नोलेन गूळ, म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ, मात्र थंडीतला. ऑक्टोबरमध्ये कोणी त्याचा ताजा संदेश म्हणून विकत असेल तर पुढे चला.

दशमी

सकाळी बायका देवीला निरोप देतात. पानाने तिचा चेहरा पुसतात, कपाळाला कुंकू लावतात, तोंडाला मिठाई लावतात, कानात "पुन्हा ये" सांगतात. मग एकमेकींना कुंकू. हा सिंदूर खेला. बागबाजारला तो फार मोठा होतो. जुने कपडे घाला, रंग जात नाही.

दुपारनंतर बाबूघाटावर जा. सूर्य मावळायच्या आत पोचलात तर पायऱ्यांवर जागा मिळेल. मूर्ती उतरवतात, सात वेळा फिरवतात आणि पाण्यात सोडतात. लगेच महापालिकेची क्रेन सांगाडा बाहेर काढते. आणि मग आरोळी उठते, "आशछे बोछोर आबार होबे!" पुढच्या वर्षी पुन्हा होईल. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "पुढच्या वर्षी लवकर या" निघालं. शेजारच्या आजोबांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी मला मिठीच मारली. "शुभो बिजोया" म्हणाले. विसर्जनानंतर ही मिठी आणि मिठाई प्रत्येकाला द्यायची असते, आपण सोनं देतो तशी. एवढे दोन शब्द पाठ ठेवा आणि त्या रात्री भेटेल त्याला म्हणा: चहावाल्याला, टॅक्सीवाल्याला, हॉटेलातल्या मुलाला.

रजा असेल तर पाच दिवस आणखी थांबा. मोठ्या मंडळांच्या मूर्तींची रेड रोडवरची मिरवणूक याच दिवसांत निघते. आणि आपण ज्या पौर्णिमेला गच्चीवर दूध आटवतो त्या कोजागरीला बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते. गर्दी ओसरलेली, रिकाम्या मंडपात एकच पणती, दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाने काढलेली लक्ष्मीची पावलं, आणि अंगणातल्या शिउलीखाली पडलेला सडा. शिउली म्हणजे आपला प्राजक्त.